गोल्फचा स्विंग: आधी अंग, मग हात

नवखा माणूस रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडूंची पहिली बादली घेऊन उभा राहतो तेव्हा साधारण तीनच गोष्टी घडतात. चेंडू जमिनीवरून घरंगळत जातो, नाहीतर हवेत जाऊन उजवीकडे पळतो, नाहीतर चेंडूच्या आधी मॅटलाच दणका बसतो. शेजारच्या बेवरून (फटके मारायच्या जागेवरून) कुणीतरी हमखास सल्ला देतो, "डोकं वर उचललंत." मग पुढच्या चेंडूला हा माणूस मान आखडून धरतो आणि होतं नव्हतं तेही बिघडतं. डोकं आपणहून क्वचितच वर जातं. आधी कंबर चेंडूच्या दिशेने सरकते, तिला जागा द्यायला धड सरळ होतं आणि धडाबरोबर डोकं वर येतं. ओरडा मात्र डोक्याला बसतो.

काठी आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात ते साधारण अर्धा मिलिसेकंद. एवढ्या वेळात मनगटाने काही सावरून घेणं कुणालाच जमत नाही. चेंडू कुठे जाणार हे त्याआधीच ठरलेलं असतं: तुम्ही कसे उभे होता, कुठून वळलात, आणि परत येताना अंगाचा कुठला भाग आधी निघाला. इथे एवढंच पाहायचं आहे. ग्रिपचे प्रकार, सेटच्या किमती, चेंडूचे ब्रँड यांच्यावर सांगणारे भरपूर आहेत.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहिलं आहे. म्हणजे डावा पाय पुढचा, लक्ष्याकडचा. डावखुऱ्यांनी उलट वाचावं.

कुठे आणि काय घेऊन

मुंबईत गोल्फ जुना आहे, पण जागा मोजक्या. ताडदेवचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब १९१८ चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. दोन्हीकडे सभासदांचा कारभार आहे, त्यामुळे ओळखीचा सभासद सोबत नसेल तर तिथे खेळायला मिळणं अवघड. सर्वसामान्यांसाठी सिडकोने खारघरच्या डोंगरांमध्ये केलेलं गोल्फ कोर्स आहे. दर आणि वेळा बदलतात, फोन करूनच निघा. शहरात सिम्युलेटरवाल्या बंदिस्त जागाही झाल्या आहेत, पावसाळ्यात त्यांचा उपयोग होतो.

पण सुरुवातीची बरीचशी मेहनत घरात होते, आणि त्याला वन बीएचके पुरतो. एक सात नंबर आयर्न, म्हणजे मधल्या लांबीची लोखंडी डोक्याची काठी (जुनी, सेकंडहँड चालेल), फरशी पुसायच्या मॉपचा दांडा, एक रिकामी भिंत, आरसा आणि मोबाइल. खोलीत पूर्ण स्विंग घेऊ नका, पंखा आणि ट्यूबलाइट दोन्ही आपल्या अंदाजापेक्षा जवळ असतात. गच्चीवर रिकामा स्विंग खुशाल घ्या, पण खरा चेंडू अजिबात नको. नियमाने तो जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असला, तरी नवख्याचा बरा लागलेला फटकासुद्धा शंभर मीटर सहज जातो. समोरच्या विंगची काच आणि सोसायटीचे सेक्रेटरी, दोन्ही महाग पडतील. फोमचे किंवा भोकांचे प्लॅस्टिकचे चेंडू मिळतात, ते आणा.

पायरी पहिली: उभं राहणं

इथे घाई करू नका. स्विंगमध्ये जे बिघडतं त्यातलं पुष्कळसं काठी हलण्याआधीच बिघडलेलं असतं. शिवाय ही एकच पायरी अशी आहे, की जिच्यात चेंडूचा, वेगाचा, वाऱ्याचा काही संबंध नसतो. दोन पायांवर उभं राहता येणाऱ्या कुणालाही ती शंभर टक्के बरोबर करता येते.

मॉपचा दांडा पाठीवर उभा धरा. तो तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याचा मागचा भाग, दोन फऱ्यांच्या मध्ये, आणि माकडहाड. आता खाली वाका, पण दांडा तिन्ही ठिकाणचा सुटता कामा नये. असं वाकायचं तर एकच मार्ग उरतो, खुब्यातून वाकणं. पार्श्वभाग मागे जातो आणि छाती पुढे झुकते, पाठ मात्र सरळच राहते. आपण एरवी जमिनीवरची वस्तू उचलताना कंबर गोल करून वाकतो. ती सवय इथे चालत नाही.

गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ नकोत, पण खुर्चीवर बसायला निघाल्यासारखे दुमडलेलेही नकोत. ताठरपणा सुटला की पुरे. मग हात खांद्यापासून सैल सोडा. ते जिथे लोंबतात तिथेच ग्रिप धरायची, चेंडूकडे हात लांबवायचे नाहीत. सात नंबरला ग्रिपचं टोक आणि मांडी यांच्यात एक मूठ आणि वर अंगठा बसेल एवढं अंतर राहतं.

वजन पायाच्या मध्यावर, बुटाच्या लेसखाली. तपासायला घरातल्या कुणाला तरी छातीवर आणि मग पाठीवर हलका धक्का द्यायला सांगा. एका बाजूने लगेच तोल जात असेल तर वजन चवड्यांवर किंवा टाचांवर गेलं आहे. पायांतलं अंतर सात नंबरला खांद्यांइतकं, ड्रायव्हरला (लांब फटक्याच्या सगळ्यात लांब काठीला) थोडं जास्त. पुढच्या पायाचा पंजा किंचित बाहेर वळवा. त्याचं कारण पुढे येतंच आहे.

बिघाड दोन प्रकारचे. पहिला, पाठीचं कमान झालेलं पोक. दिवसभर लॅपटॉप आणि येता-जाता लोकलमध्ये मोबाइलवर वाकलेली मान, यातून ते आपल्याकडे घरोघरी तयार होतं. त्याची किंमत किती पडते ते आत्ता बसल्या जागी पाहा. खुर्चीवर पोक काढून बसा आणि हात छातीवर दुमडून उजवीकडे वळा, किती वळता आलं ते लक्षात ठेवा. मग ताठ बसून तेच करा. फरक डोळ्यांनी दिसेल. पोक काढून उभा राहिलेला माणूस वळूच शकत नाही, मग तो हातांनी काठी उचलतो, आणि तिथून पुढचं सगळं हातांवर येऊन पडतं.

दुसरा बिघाड याच्या उलट. "पाठ सरळ" हे फार मनावर घेऊन कंबरेत खोल कमान काढणं. फोटोत छान दिसतं, पण पोटाचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार कंबरेच्या मणक्यांवर जातो. बेंबी किंचित आत घेतली की हे सुटतं.

उजवा हात ग्रिपवर डाव्याच्या खाली असतो, म्हणून उजवा खांदाही डाव्यापेक्षा थोडा खाली असायलाच हवा. आरशासमोर दोन्ही खांदे समान पातळीवर दिसले तर समजा, उजवा खांदा पुढे ढकलला गेला आहे. चेंडू सात नंबरला पायांच्या मध्याच्या किंचित पुढे, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर.

राहिली दिशा. यासाठी मुंबईच्या घरात फुकटचं साधन आहे, फरशीच्या लाद्या. एका सांध्यावर चेंडू आहे असं धरा, आणि त्याला समांतर दुसऱ्या सांध्यावर दोन्ही चवडे. लक्ष्य चेंडूच्या रेषेवर असतं, पायांच्या नाही. नवखे लोक पायच लक्ष्याकडे रोखतात आणि तिथेच दिशा चुकते. पायांबरोबर गुडघे, कंबर आणि खांदेही त्याच समांतर रेषेत हवेत. पाय बरोबर आणि खांदे डावीकडे उघडे, हे फार जणांचं होतं आणि आरशाशिवाय कळत नाही.

ग्रिपबद्दल इथे एकच. काठी बोटांत धरा, तळव्यात नाही, आणि आवळू नका. आपल्या दमट हवेत ग्लव्ह भिजतो, काठी निसटेल या भीतीने मूठ घट्ट होते, तिच्यामागून कोपर, मग खांदा आखडतो, आणि वळणं संपतं. बॅगेत दोन ग्लव्ह आणि एक कोरडा नॅपकिन ठेवा. हा स्विंगचाच भाग आहे.

पायरी दुसरी: मागे वळणं

व्यावसायिक खेळाडूचे खांदे मागे जाताना साधारण ९० अंश वळतात आणि कंबर त्याच्या निम्मी, ४५ च्या आसपास. हे आकडे माहितीसाठी. पंचेचाळिशीच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाने ९० च्या मागे लागू नये. खांदे ७० अंश वळले आणि तोल राहिला तर त्यावर अनेक वर्षं आनंदाने खेळता येतं.

वळायचं कुठून, हे महत्त्वाचं. कंबरेच्या मणक्यांची रचनाच अशी, की ते पुढे-मागे वाकतात, पण पिळल्यासारखे फारसे फिरत नाहीत. फिरणं होतं ते वर बरगड्यांच्या भागात आणि खाली खुब्यात. हे दोन्ही आखडलेले असले की शरीर तेवढं वळण कंबरेतून ओरबाडून घेतं. गोल्फ खेळणाऱ्यांच्या दुखण्यांत पाठदुखी वरच्या नंबरला असते, ती उगीच नाही.

खुबा किती मोकळा आहे ते असं पाहा. खुर्चीवर बसा, गुडघे जुळवा आणि ते न हलवता दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला न्या. एखादं पाऊल जेमतेम हललं, तर त्या बाजूचा खुबा आतल्या दिशेने वळायला तयार नाही. मग त्या पायाचा पंजा उभं राहतानाच थोडा जास्त बाहेर वळवा. मघाशी पंजा वळवायला सांगितला त्याचं कारण हे. तरीही अडत असेल तर मागे जाताना डावी टाच उचलली गेली तरी चालेल. काही प्रशिक्षकांना ते खपत नाही. माझ्या मते पाठ सांभाळणं जास्त महत्त्वाचं.

आता भिंत. भिंतीकडे पाठ करून, टाचा वीतभर पुढे ठेवून, खुब्यातून वाका. दोन्ही कुल्ले भिंतीला जेमतेम टेकतील असे. हात छातीवर दुमडा आणि मागे वळा. उजवा कुल्ला भिंतीवर दाबला जाईल, डावा सुटेल. परत येताना उलट: डावा टेकेल, उजवा सुटेल. मध्ये कधीही दोन्ही एकदम सुटले, तर तुमची कंबर चेंडूकडे सरकली. लेखाच्या सुरुवातीचं "डोकं वर" ते हेच. दररोज सकाळी चहा उकळेपर्यंत एवढंच केलंत तरी चालेल. एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हा निवडेन.

दुसरी चूक म्हणजे वळण्याऐवजी उजवीकडे सरकणं. उजव्या पायाच्या बाहेर भिंतीला टेकवून छत्री उभी करा, कमरेपासून चार बोटं लांब. मागे वळताना ती पडली तर तुम्ही सरकलात. वजन उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला जाणवलं पाहिजे. पावलाची बाहेरची कड दाबली गेली की गाडी रुळावरून उतरली.

पायरी तिसरी: परत येणं

मुंबईकराची खरी परीक्षा इथे आहे, कारण इथे त्याच्या अंगातलं क्रिकेट मध्ये येतं.

मैदानात, गल्लीत, बॉक्स क्रिकेटमध्ये आपण जो फटका शिकतो तो खालच्या हाताचा. चेंडू टेनिसचा, बाउंड्री जवळ, म्हणून उजव्या हाताने आणि उजव्या खांद्याने लेगला ओढायचा. तिथे तो चोख आहे. गोल्फमध्ये तोच खांदा आधी निघाला की काठी बाहेरून आत, चेंडूच्या रेषेला छेद देत येते. त्यात काठीचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, जरा उघडा (उजवीकडे रोखलेला) राहिला की चेंडू उजवीकडे वळत जातो. स्लाइस म्हणतात तो हा. मग माणूस घाबरून आणखी डावीकडे रोख धरतो, खांदे आणखी उघडतात, आणि स्लाइस वाढतो.

त्याच क्रिकेटमधली दुसरी गोष्ट मात्र कामाला येते: फेक. पॉइंटवरून साइडआर्म थ्रो करताना तुम्ही काय करता ते आठवा. हात अजून मागेच जात असतो तेव्हा पुढचा पाय जमिनीवर पडतो. मग कंबर उघडते, मग छाती, मग कोपर, आणि हात सगळ्यात शेवटी सुटतो. हा क्रम कुणी शिकवलेला नसतो, पण मैदानात वाढलेल्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. गोल्फच्या डाउनस्विंगमध्येही (काठी खाली येताना) हाच क्रम लागतो. पाय, कंबर, छाती, हात, शेवटी काठी. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देऊन थोडा थांबतो, म्हणून शेवटच्या टोकाला वेग साठतो. सगळे एकदम निघाले तर जोर भरपूर लागतो आणि चेंडू जात नाही.

हे अंगात उतरवायला पाऊल टाकायचा सराव करा. दोन्ही पाय जुळवून उभे राहा, सात नंबर घ्या. काठी मागे न्या, आणि ती अजून मागे जात असतानाच डावा पाय लक्ष्याच्या दिशेने एक पाऊल टाका. मग फिरा. आधी चेंडूशिवाय, मग फोमच्या चेंडूवर. सुरुवातीला सगळं विस्कळीत वाटेल, ते वाटू द्या. चारदोन दिवसांनी एक क्षण असा येतो, की काठी आपोआप मागून ओढली जाते आणि हातांना काही करावंच लागत नाही. तो जाणवला की मग पाऊल न टाकता, पाय जागेवर ठेवून, तेच फक्त दाबाने करायचं: मागचं वळण पूर्ण होण्याच्या आत डाव्या पायाखाली जमीन दाबायला सुरुवात.

लय मोजायची तर मागे जायला जेवढा वेळ, त्याच्या एक तृतीयांश खाली यायला. चांगल्या खेळाडूंचा वेग कमी-जास्त असतो, पण हे तीनास एक प्रमाण बहुतेकांचं सारखं असतं. मनात "एक-दोन-तीन" म्हणत मागे जा आणि "चार"ला चेंडू. नवखा माणूस मागे झटक्यात जातो आणि वरून घाई करतो, म्हणून पायांना निघायला सवडच मिळत नाही.

चेंडूला काठी लागते त्या क्षणी आयर्नच्या फटक्यात बहुतांश दाब डाव्या पायावर असतो, ७०-८० टक्के धरा. कंबर लक्ष्याकडे उघडलेली, छाती तिच्या थोडी मागे, हात चेंडूच्या किंचित पुढे. काठी आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागते. तपासायला चेंडूच्या वीतभर मागे घडी घातलेला नॅपकिन ठेवा. तो उडाला तर वजन मागेच राहिलं. रेंजवरच्या मॅटवर विसंबू नका. आधी मॅटला लागलेली काठी उसळून चेंडूपर्यंत पोहोचते आणि फटका बरा वाटतो. पावसाने मऊ झालेल्या जमिनीवर तोच फटका ढेकूळ उचलतो आणि चेंडू पायाशी राहतो.

हे सगळं आधी अर्ध्या स्विंगवर, हात कमरेपासून कमरेपर्यंत. चेंबूरच्या क्लबातल्या कॅडींनी (खेळाडूंच्या काठ्यांची बॅग वाहणाऱ्यांनी) वस्तीतल्या बोळांत वाकवलेली लोखंडी सळई आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन आपलं गोल्फ उभं केलं होतं. दोन भिंतींमध्ये मोठा स्विंग घ्यायला जागाच नसते, त्यामुळे नेमकेपणा शिकण्याशिवाय इलाज नाही. तिकडे दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. कोर्सवर गेलात तर पैसेवाल्या सभासदाकडे कमी आणि कॅडीच्या रिकाम्या स्विंगकडे जास्त पाहा.

पायरी चौथी: थांबणं

फटक्यानंतर बेंबी लक्ष्याकडे, उजवा पाय चवड्यावर, त्याचा तळवा मागच्याला दिसेल असा. तीन आकडे मोजेपर्यंत तसेच उभे राहा. जमत नसेल तर ताकद कमी करा.

चेंडू उलटसुलट गेला तर

चेंडू निघतो कुठल्या दिशेने, हे मुख्यतः काठीच्या चेहऱ्यावर ठरतं. तो हवेत वळतो तो चेहरा आणि काठीची वाट यांच्यातल्या फरकामुळे. म्हणून स्लाइस दिसला की आधी खांद्यांची रेषा पाहा, चेंडू फार पुढे तर ठेवला नाही ना ते पाहा, मग पाऊल टाकायच्या सरावाकडे परत जा. चेंडूचा माथा लागून तो घरंगळला, तर भिंत. आधी जमीन लागली, तर नॅपकिन आणि छत्री.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दोन बाजूंनी चित्रण घ्या: एक समोरून, छातीच्या उंचीवर, दुसरं तुमच्या मागून, लक्ष्याच्या दिशेने, हातांच्या उंचीवर. कॅमेरा तिरका लागला तर बरोबर स्विंगही चुकीचा दिसतो. आणि एका वेळी एकच गोष्ट पाहा. रील्समधले सात सल्ले एका बादलीत वापरून पाहणारे लोक रेंजवर नेहमी दिसतात, त्यांची बादली लवकर संपते एवढंच.

प्रशिक्षक घ्यावा का? घ्यावा, आणि लवकर घ्यावा, सवयी पक्क्या होण्याआधी. पहिल्याच तासाला सांगा, की उभं राहणं आणि वळणं पाहा, चेंडू नंतर मारू. पन्नास चेंडू मारायला लावून शेवटी "छान" म्हणणारा नको.

पाठ, पाऊस आणि वेळ

दादरहून खारघरला गाडीने जाऊन थेट मॅटवर उभं राहू नका. तासभर बसून खुब्याच्या पुढचे स्नायू आखडलेले असतात. दहा मिनिटं काढा: काही आधाराला धरून पाय पुढे-मागे झुलवा, दांडा खांद्यांवर आडवा ठेवून हळूहळू वळा, थोड्या उठाबशा काढा. उकिडवं बसता येणाऱ्यांना इथे फायदा आहे, त्यांचे खुबे आणि घोटे मोकळे असतात. ज्यांची ती सवय सुटली आहे त्यांनी घरी आधाराला धरून ती परत आणावी.

जून ते सप्टेंबर घरचा सराव आणि जमलं तर सिम्युलेटर. ऑक्टोबरच्या उन्हात सकाळी लवकर जा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. दमलेलं अंग सगळ्यात आधी खुब्यातून वाकणं सोडतं, म्हणून थकवा जाणवला की बादलीत चेंडू शिल्लक असले तरी थांबा. कंबरेत एका बाजूला टोचल्यासारखं दुखलं किंवा पायात कळ उतरली, तर स्विंग बंद करून आधी डॉक्टरांकडे जा. स्नायूंचं साधं दुखणं दोन दिवसांत जातं, हे तसं नसतं.

घरी रोज दहा-पंधरा मिनिटं भिंत, लाद्या आणि पाऊल. आठवड्यातून एकदा रेंज, तिथे निम्मे चेंडू अर्ध्या स्विंगचे. ड्रायव्हर पहिले दोन महिने घरी ठेवा. सात नंबरने लागोपाठ दहा फटके मारून प्रत्येकानंतर तीन आकडे उभं राहता आलं, की त्या दिवशी तो बाहेर काढा, चेंडू टीवर (जमिनीत रोवायच्या छोट्या खुंटीवर) ठेवा, पाय थोडे रुंद करा आणि ताकद तेवढीच ठेवा.